जसं होतं तसं

“आधी चिमटा, मग हात,” उस्ताद म्हणायचे. तेही ओरडून नाही. रागवायचं झालं तरी त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नसे. चिमटा म्हणजे कपडे वाळत घालायचा साधा लाकडी चिमटा. तपासणीसाठी एखादी केबल तिच्या जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावायची वेळ आली, की आधी तो चिमटा आपल्या कॉलरला लावायचा, आणि केबल आपल्या घरी परत जाईपर्यंत काढायचा नाही. जेवायला बसलात तरी नाही, मोठा साहेब भेटायला आला तरी नाही. शिडीच्या टोकाला माणसाचं डोकं निम्मं वाऱ्यावर असतं, ते म्हणत, तिथे आठवणीच्या भरवशावर राहू नये. बंदरावरची माणसं त्यांना हसायची, दोरीवरून उडून आलेला सदरा म्हणायची. उस्तादही हसायचे, पण चिमटा तसाच ठेवून. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. आणि आज सकाळी साडेदहाच्या सुमाराला, एका करड्या मालवाहू जहाजाच्या सगळ्यात वरच्या डेकवर, अँटेनाच्या पांढऱ्या घुमटात कमरेपासून वर शिरून उभा असताना धाकट्याला तो आवाज इतक्या जवळून आला, की त्याने मान वळवून मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. घुमटाची गोल भिंत होती, आणि तिच्यावर आपटून परत येणारा त्याचा स्वतःचा श्वास.

धाकटा हे काही त्याचं नाव नव्हे. घरात सगळ्यात मोठी ताई, मग दादा, मग हा. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी घरच्यांच्या तोंडी तो धाकटाच राहिला, आणि मनातल्या मनात स्वतःला हाक मारायची वेळ आली की तोही तीच हाक मारी. आत्ताही त्याने तशीच मारली. धाकट्या, नीट बघ. त्याने विजेरी डाव्या हातात घेतली आणि पुन्हा बघितलं. अँटेनाच्या तबकडीच्या पाठीला एक तळहाताएवढा स्विच चार स्क्रूंनी बसवलेला होता. त्याला चार तोंडं, चार तोंडांत चार केबली, प्रत्येक केबलीवर पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा, आणि त्यावर काळ्या शाईने एकेक आकडा. आकड्यांच्या खाली आडवी रेघ. अशी रेघ ओढायची सवय त्याला शाळेपासून होती, आणि या बंदरात दुसऱ्या कुणालाही नव्हती. स्विचच्या अंगावरही पट्टी होती, तिच्यावर तारीख. नऊ वर्षांपूर्वीची. ती तारीख त्याला वाचावी लागली नाही. घरातली काही माणसं वाढदिवस विसरतात, पण त्या तारखेपासून एकतीस दिवस मोजायला त्या घरात कुणी विसरत नाही.

जहाज त्याला ओळखू आलं नव्हतं, यात त्याची चूक नव्हती. जहाजं मालक बदलतात, रंग बदलतात, नाव खरवडून त्यावर दुसरं नाव रंगवतात. सकाळी धक्क्यावर उतरल्यावर त्याला फक्त एक करडं, दमलेलं जहाज दिसलं होतं. ऑफिसने सांगितलं होतं ते असं: जहाज मोठ्या दुरुस्तीहून आलंय, तिथे अँटेनाला खालून चालवणारा जुना कंट्रोलर काढून नवा बसवला, तेव्हापासून अँटेना काही उपग्रह पकडतो आणि काही पकडत नाही, वरचा स्विच गेलेला दिसतो, नवा घेऊन जा आणि बदलून ये. जहाजावरच्या विद्युत अधिकारी बाईंनी शिडीपाशी त्याचं स्वागत केलं. बाई चाळिशीच्या, बाह्या दुमडलेल्या, बोलणं सरळ. जहाजावरची माणसं अँटेनाच्या घुमटाला अंडं म्हणतात, तशा त्याही म्हणाल्या. “आमचं अंडं अर्धंच उबतंय, मेकॅनिकसाहेब. निम्मी माणसं माझ्यावर रागावून बसलीयत, जणू मीच फोन खाऊन टाकले.” तो हसला होता. वीज बंद केली, वर माणूस काम करतो आहे अशी पाटी बटणावर लटकवली, पिशवी खांद्याला लावून शिडी चढला होता. सगळं नेहमीसारखं. मग त्याने घुमटाची खालची झडप उघडली होती.

एक आकड्याची केबल तिसऱ्या तोंडात होती. तीन आकड्याची केबल पहिल्या तोंडात होती.

एवढंच. दोन आणि चार आपापल्या जागी. एक आणि तीन एकमेकींच्या घरात. कनेक्टर नीट आवळलेले, वरून रबरी पट्टी गुंडाळलेली, पट्टीची टोकं नीट दाबून बसवलेली. काम इतकं नीटनेटकं, की शिकाऊ माणसाला बोलावून दाखवावं. कुणी नंतर हात लावल्याची खूण नव्हती. नऊ वर्षांत कुणी झडप उघडली असेलही, पण हे कुणी उघडलेलं नव्हतं. त्याने तर्जनीने एक नंबरची पट्टी चाचपली. चिकटपट्टी उन्हाने कडक झाली होती, पण आकडा जात नव्हता. चांगली शाई होती ती. त्या वेळी त्याला आपल्या शाईचाही अभिमान होता.

नऊ वर्षांपूर्वीही तक्रार अशीच होती, निम्म्याची. असल्या वेळी पहिली तपासणी ठरलेली असते. दोन केबली एकमेकींच्या जागी लावून बघायच्या. तक्रार केबलीबरोबर सरकली तर केबलीत दोष, जागेवरच राहिली तर स्विचमध्ये. त्याने एक आणि तीनची अदलाबदल केली, वायरलेसवर खालच्या माणसाला विचारलं, तक्रार होती तिथेच होती. म्हणजे स्विच. नवा स्विच पिशवीत घालून दोरीने वर यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात दादा वर आला. दादा त्या जहाजावर मुख्य स्वयंपाकी होता, आणि धाकट्याला आपल्याच भावाच्या जहाजावर काम निघालं म्हणून सकाळपासून त्याला उगीच हसू येत होतं. ॲप्रन न काढताच, एका हाताने शिडी धरून आणि दुसऱ्या हातात झाकणाचा चहाचा डबा सांभाळत तो वर आला, तेव्हा धाकटा त्याला रागावलाही होता, पडला असतास म्हणून. दादा म्हणाला, मी लाटेवर उकळतं तेल सांभाळतो, तुझा हा जिना काय सांगतोस. मग दोघं घुमटाच्या सावलीत बसून चहा प्याले. आई म्हणते रोज संध्याकाळी फोन कर, दादा म्हणाला. करीन. तू फक्त तुझं अंडं कच्चं ठेवू नकोस. आणि बोलता बोलता त्याने धाकट्याच्या कॉलरचा चिमटा काढला. हा काय दागिना, म्हणाला, बायकोने वाळत घातलं का तुला. धाकटा हसला. दादाने तो चिमटा आपल्या ॲप्रनच्या कडेला लावला आणि रिकामा डबा घेऊन शिडी उतरून गेला.

नवा स्विच आला. जहाज दुपारी सुटायचं होतं, खालून दोनदा विचारणा झाली होती. त्याने जुन्या स्विचच्या केबली एकेक करून काढल्या आणि एकेक करून नव्यावर लावल्या. पहिल्या तोंडातली पहिल्या तोंडात, दुसऱ्यातली दुसऱ्यात. इमानदारीने, जसं होतं तसं. आकडे त्याने बघितलेच नाहीत, कारण आकडे बघायचं कारणच नव्हतं, समोर जे होतं ते बरोबरच असणार. ते त्यानेच तर लावलेलं होतं. कॉलरला चिमटा असता तर हनुवटी त्याला लागली असती. या बंदरातून दोन उपग्रह दिसतात, एक डोक्यावरचा आणि एक क्षितिजालगतचा. क्षितिजालगतचा त्या दिवशी गोदामाच्या भिंतीआड होता. डोक्यावरच्याला दोन आणि चारच लागतात; एक आणि तीन लागतात त्या क्षितिजालगतच्याला, ज्याच्या टप्प्यात जहाज आठवडाभराने जायचं होतं. अँटेनाने तो लगेच पकडला, दादाने स्वयंपाकघरातून आईला फोन लावला, आई बोलली, सगळे हसले, धाकट्याने सही केली. दुपारी जहाज सुटलं.

घुमटात आता उकडत होतं. बाहेर ऊन वाढत चाललं होतं, आणि वायरलेसवर बाई विचारत होत्या, काय साहेब, झोपलात का वर. त्याने सांगितलं, दहा मिनिटं द्या. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला नवल वाटलं. दहा मिनिटं कशासाठी हवी होती ते त्याला माहीत नव्हतं. एका बाजूला ही गोष्ट अगदी सोपी होती. दोन कनेक्टर सोडवायचे, दोन लावायचे. नवा स्विच बसवायचा, जुना पिशवीत टाकायचा, रजिस्टरमध्ये लिहायचं, स्विच बदलला, काम ठीक. ऑफिस खूश, बाई खूश. पिवळ्या पट्ट्या काढून खिशात घातल्या की झालं. इतकी वर्षं जहाज चाललं कसं तेही त्याला लख्ख दिसत होतं. दूरच्या कुठल्यातरी बंदरात कुणी मेकॅनिक आला असेल, पाऊस असेल किंवा वारा असेल, वर चढायचा त्याला कंटाळा आला असेल. त्याने खाली बसूनच जुन्या कंट्रोलरला सांगून टाकलं असेल की एकला तीन समज आणि तीनला एक. यंत्र बिचारं समजलं. वहीत लिहिलं असेल, दोष आढळला नाही. मग नवा कंट्रोलर आला, त्याला ही समजूत कुणी दिली नाही, आणि जुनी चूक नऊ वर्षांनी होती तशी उठून बसली.

दोष आढळला नाही. हे तीन शब्द मात्र त्याने स्वतःही उच्चारले होते, वेगळ्या तऱ्हेने, घरातल्या मधल्या खोलीत, उभ्याउभ्या.

आईचा एक नेम होता. कुणी घालून दिलेला नव्हे, तिचा तिने घेतलेला. संध्याकाळी जेवायला बसण्याआधी घरातलं जे माणूस समोर नसेल त्याची खुशाली विचारायची, आणि उत्तर मिळाल्यावर पहिला घास घ्यायचा. लहानपणी तिघांपैकी कुणी खेळून उशिरा आलं तर तिचं ताट झाकलेलं असे, आणि त्या झाकलेल्या ताटाची भीती माराच्या भीतीपेक्षा मोठी होती. दादा समुद्रावर गेला तेव्हापासून हा नेम फोनवर आला. तिला गप्पा नको असत. “जेवलास का? मग मी बसते,” एवढंच ती बोले आणि फोन ताईकडे देई. त्या वेळी जहाज सुटल्यावर सहा दिवस रोज फोन आला. सातव्या दिवशी आला नाही. आठव्या दिवशी नाही. आईचे पाय सुजायला लागले होते, डॉक्टरांनी औषधं वेळेवर आणि जेवणावर घ्यायला सांगितली होती, आणि आई ताट झाकून खुर्चीत बसून राही. “लागला का?” दर थोड्या वेळाने विचारी. तक्रार नसे त्या विचारण्यात. पाणी आलं का असं विचारावं तसं विचारी. ताई समजावून थकली. नेम काय देवासाठी असतो, ताई म्हणाली, देव काही तुला उपाशी राहा म्हणत नाही. आई म्हणाली, देवासाठी कुठे आहे, माझ्यासाठी आहे. मला पचत नाही.

बाराव्या दिवशी ताई तिच्या खोलीत गेली आणि म्हणाली, फोन आला होता, तू झोपली होतीस, बरा आहे तो. आई जेवली. सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी ताईला पुन्हा तसंच म्हणावं लागलं, तिसऱ्या दिवशीही. रोज आई झोपली की फोन येऊ लागला. ताईने जहाज कुठे आहे ते सांगायला सुरुवात केली, हवा कशी आहे, आज जहाजावर काय शिजलं. ताई आयुष्यात कधी खोटं बोलत नसे. दुकानात उरलेलं सुटं नाणं परत द्यायला उन्हातून मागे जाणारी बाई ती. तिने रोज एक फोन रचला, एकोणीस दिवस. आणि आई रोज थोडं जेवत गेली आणि रोज थोडी गप्प होत गेली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने विचारलं होतं, “मला उठव म्हणाला नाही का गं?” ताई म्हणाली, नाही. शेवटच्या आठवड्यात तिने विचारणंच सोडलं. जेवायची तेवढी. फोन करणारा आणि आईला उठवा असं न म्हणणारा मुलगा तिने स्वीकारला होता, आणि एकतिसाव्या दिवशी त्याच मुलाला मागे ठेवून ती गेली.

हे सगळं धाकट्याच्या डोळ्यांसमोर घडलं. त्याच घरात तो राहत होता. फोन थांबल्याच्या पहिल्याच आठवड्यात ताईने त्याला स्वयंपाकघराच्या दारात गाठून विचारलं होतं, की तुझ्या त्या अँटेनात काही बिघाड असेल का रे. आणि तो म्हणाला होता, “छे. मी स्वतः तपासून सही केलीय. फोन लागतो, ताई. त्याला वेळ नसेल.” ते वाक्य त्याला शब्दन्शब्द आठवत होतं. अँटेनाबद्दलचा भाग त्या वेळी त्याला खरा वाटत होता, त्याचं काही नाही, माणूस चुकतो. पण शेवटचं तीन शब्दांचं शेपूट त्याने कशाला जोडलं होतं? त्याला वेळ नसेल. कुणी विचारलं नव्हतं. आपल्या हातचं काम चोख आहे हे सांगायला भावाचं मन उणं आहे असं सांगायची काय गरज होती? माहीत नाही म्हणता आलं असतं. ऑफिसमधून चौकशी करता आली असती. रोज समोर आई खुर्चीत बसलेली असताना एक फोन त्याला ऑफिसला करता आला नव्हता, आणि वेळ नसेल म्हणून बोट दाखवलं होतं ते दुसऱ्याकडे.

दादा पंधरा दिवसांनी पोचला. तेव्हा मधल्या खोलीत मामा होते, काका होते, ताई भिंतीला टेकून बसली होती. दादा म्हणाला, फोन लागतच नव्हता, सातव्या दिवसापासून कुणाचाच लागत नव्हता. मामांनी विचारलं, मग आई गेल्याचा निरोप तुला कसा मिळाला, निरोप पोचतो आणि फोन पोचत नाही, हे कसं? धाकट्याला उत्तर माहीत होतं. जहाजावर संकटाच्या निरोपांसाठी एक वेगळं छोटं यंत्र असतं, त्याचा या अँटेनाशी संबंध नसतो, ऑफिसचे निरोप त्यावर येतात आणि खाजगी बोलणं त्यावरून होत नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, कारण घरात या विषयातला जाणता तोच. दादानेही बघितलं. आणि तो म्हणाला, अँटेना मी बघितला होता, त्यात दोष नव्हता. दादा म्हणाला, “बरं.” ताई उठून आत गेली आणि जाता जाता म्हणाली, याच्यासाठी मी आईशी एकोणीस दिवस खोटं बोलले. दादाने समुद्र सोडला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लागला. ताईच्या घरी तो गेला नाही, ताईने बोलावलं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

आणि नऊ वर्षांत धाकट्याला काहीच कळलं नव्हतं, हेही खरं नव्हतं. तिसऱ्या वर्षी कधीतरी, पिशवी आवरताना, आपण मधे एकदा नवा चिमटा घेतला होता हे त्याला आठवलं होतं. जुना कुठे गेला, असा विचार मनात आला आणि त्याने तो पुढे जाऊ दिला नाही. पायरीवर पाय ठेवता ठेवता, पायरी नाही हे कळून माणूस पाय मागे घेतो, तसा त्याने तो विचार मागे घेतला. त्यानंतर तो कामात जास्तच काटेकोर झाला. ऑफिसने दोनदा शाल दिली. आता घुमटात उभं राहून त्याला वाटत होतं, की तो सगळा काटेकोरपणा म्हणजे त्या एका विचाराला दिलेली दाराची कडी होती. आणि दुसरंही एक वाटत होतं, ज्याची त्याला लाज वाटली: चिमटा दादाने काढला. हे त्याने एकदाच, पूर्ण वाक्यात, मनाशी म्हणून बघितलं. दादाला बहुधा आठवतही नसेल. ॲप्रनसोबत धुवायला गेला असेल तो. हे दादाला कळलं तर उरलेलं आयुष्य तो आईला आपणच गप्प केलं असं समजून काढील, आणि सांगणारा मात्र हलका होईल. पण दादाला चिमटा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. माहीत होतं ते ज्याच्या कॉलरला तो होता त्याला. त्याने ठरवलं, ही गोष्ट या घुमटाबाहेर जाणार नाही. ठरवल्यावर बरं वाटलं नाही.

त्याने काम केलं. आधी केबली आपापल्या घरी लावल्या, एक पहिल्या तोंडात, तीन तिसऱ्या. खाली सांगून वीज घेतली, झडपेबाहेर उभा राहिला. तबकडी दोनदा अडखळली, वळली, क्षितिजाकडे झुकली आणि थांबली. वायरलेसवर बाई म्हणाल्या, आला हो, खालचाही आला, काय केलंत? म्हणजे स्विच चालत होता, तो मनाशी म्हणाला. तरीही त्याने वीज पुन्हा बंद करून घेतली आणि तो काढला, कारण दुसऱ्या तोंडात हिरवा गंज चढायला लागला होता आणि अजून एखादं वर्ष निघालं असतं, जास्त नाही. नव्यावर केबली लावताना प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला. जुन्या पट्ट्या काढल्या नाहीत. शेजारी नव्या लावल्या.

खाली बाईंनी रजिस्टर पुढे केलं. त्याने लिहिलं: स्विच गंजल्यामुळे बदलला. मूळ बिघाड स्विचचा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी केबल एक आणि केबल तीन उलट जोडल्या गेल्या होत्या. जोडणारा मीच. बाईंनी वाचलं, त्याच्याकडे बघितलं, परत वाचलं. म्हणजे वर चूक आणि खाली तिची समजूत घातलेली, त्या म्हणाल्या. मग, हे शेवटचं नाही लिहिलंत तरी चालेल. तो म्हणाला, असू द्या. बाईंनी वाद घातला नाही. चाचणीचा फोन बाकी होता. नियम असा, की खरा फोन लावून खरं बोलायचं, यंत्राच्या दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही. एरवी तो ऑफिसला लावायचा. बाईंनी यंत्र खालच्या उपग्रहावर नेऊन ठेवलं आणि फोन त्याच्या हातात दिला. बोटांनी दादाचा नंबर फिरवला.

बराच वेळ वाजला. मग भांड्यांचा आवाज, आणि मागून दादा. “हॅलो. कोण?”

“दादा, मी.”

उपग्रहावरून आवाज जाऊन यायला क्षणभर लागतो. त्या क्षणात माणूस गप्प आहे की लांब आहे ते कळत नाही.

“बोल. ताई बरी आहे ना?”

“बरी आहे. मी तुझ्या जहाजावरून बोलतोय. तेच जहाज, नाव बदललंय.” त्याने भिंतीकडे तोंड केलं. बाई दार ओढून बाहेर गेल्या. “दादा, फोन लागत नव्हता. माझ्या हातून दोन केबली उलट लागल्या होत्या. आज बघितल्या, अजून तशाच होत्या.”

पुन्हा तो क्षण. या वेळी लांब.

“कशा लागल्या?”

“माझं लक्ष नव्हतं.”

दादाने पलीकडे कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगितला. मग म्हणाला, “मला काय सांगतोस? लागत नव्हता हे मला माहीतच आहे. मी तिथेच होतो. रोज संध्याकाळी सात वाजता त्या डबड्यासमोर उभा राहायचो, ती ताट झाकून बसली असेल म्हणून.” त्याचा आवाज चढला नव्हता. “ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. ताईला सांग.”

“तिला फोन—”

“फोनवर नको. समोर बसून सांग. तिला वाटतं तिने माझ्यासारख्यासाठी खोटं बोलून आईला दुखवलं. ते ओझं कुणीतरी उतरवायला पाहिजे.”

“आज जातो,” धाकटा म्हणाला.

“आज म्हणजे?”

“इथून थेट. घरी न जाता.”

“मग आधी काहीतरी खा,” दादा म्हणाला. “तिच्याकडे उपाशी गेलास तर ती पहिल्यांदा वाढेल, आणि ताईने वाढलेलं समोर असताना तुझ्याच्याने बोलवणार नाही. मला माहीत आहेस तू.” मग म्हणाला, “आवाज स्वच्छ येतोय.” आणि फोन ठेवला.

माफीचं कुणीच काही बोललं नव्हतं. त्याने मागितली नव्हती, दादाने दिली नव्हती, आणि त्या फोनवर ती मावलीही नसती. त्याने सही केली, हत्यारं मोजून पिशवीत ठेवली, बाईंना नमस्कार करून शिडी उतरला. धक्क्यावरच्या टपरीवर उभ्याने पाव खाल्ला. घास कोरडा होता, पाण्याबरोबर ढकलला. ऑफिसला कळवलं की काम झालं, उरलेल्या दिवसाची सुटी लावा. ताई आत्ता काय करत असेल याचा अंदाज घेतला. दुपारची भांडी झाली असतील, खिडकीपाशी पाय लांब करून बसली असेल, दार वाजलं की आधी साखळी लावून बघेल. तिला काय म्हणायचं त्याचं पहिलं वाक्य तो जुळवू लागला आणि त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक वाक्याची सुरुवात दादापासून होतेय. त्याने ती सगळी सोडून दिली. मी चुकलो, ताई. मी चुकलो आणि वर तुला सांगितलं की त्याला वेळ नसेल. यापुढे काय ते तिच्या तोंडाकडे बघून.

बंदराच्या फाटकाबाहेर त्याच्या घराकडची बस उभी होती, निम्मी रिकामी. कंडक्टर ओळखीचा, त्याने आत या म्हणून हात केला. धाकट्याने मानेने नको म्हटलं, रस्ता ओलांडला, आणि पलीकडच्या थांब्यावर, ताईच्या घराकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभा राहिला.